निव्वळ वजन कुणाकडे?

कराडपासून वाळव्यापर्यंत गाळप हंगामात उसाची गाडी काट्यावर दोनदा चढते: आत जाताना भरलेली, बाहेर पडताना रिकामी. फरक निघतो तो निव्वळ वजनाचा, आणि शेतकऱ्याचं बिल त्यावरच. समजा, हा हिशेब पायथॉनमध्ये लिहायचा आहे. वजन गुणिले दर एवढंच करणारा ‘बिलमिक्सिन’ हा जोड-क्लास (मिक्सिन) वेगळा काढायचा आणि ‘ऊसपावती’, ‘बेणेपावती’ अशा हव्या त्या क्लासला जोडायचा. (पायथॉन ३ ला देवनागरी नावं चालतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.)

गोम अशी की मिक्सिनकडे स्वतःचं वजन नसतंच. तो ‘सेल्फ’कडे ‘निव्वळ_वजन’ मागतो. ज्याला जोडलाय त्याने ते द्यावं. उद्या कुणी तो तोडणी टोळीच्या ‘उचल’ क्लासला, ज्यात वजनच नाही, जोडला, तर पायथॉन हूं की चूं करत नाही. बिल काढायच्या क्षणी मात्र ‘ॲट्रिब्यूट एरर’ देऊन थांबतं.

प्रोग्रॅम न चालवताच अशी चूक पकडतो तो मायपाय. युक्का लेहटोसालो यांनी केंब्रिजमध्ये पीएचडी करताना तो सुरू केला. तेव्हा त्यासाठी लिहायच्या कोडची धाटणी पायथॉनपेक्षा थोडी वेगळी होती. २०१३ च्या पायकॉन परिषदेत पायथॉनचे जनक ग्विडो व्हॅन रॉसम यांनी त्यांना साध्या पायथॉनवर आणलं.

मिक्सिनपाशी मायपायही अडतो. बिलमिक्सिनमध्ये ‘निव्वळ_वजन’ कुठेच नाही, अशी त्याची तक्रार, आणि ती रास्तच. मेथडला टाइपच्या खुणा नसतील तर तो एरवी आत डोकावतही नाही. ती शांतता जास्त घातक. ‘टाइप इग्नोर’ लिहून त्याला गप्प करणारे खूप आहेत. मला ती पळवाट वाटते.

२०१९ च्या पायथॉन ३.८ मध्ये आलेला प्रोटोकॉल, म्हणजे क्लासकडे काय असावं याची यादी, इथे कामाला येतो. ‘वजनदार’ नावाचा प्रोटोकॉल करायचा (नाव राजकारणातलं वाटेल, असो), त्यात ‘निव्वळ_वजन’ असावं एवढी एकच अट, आणि मिक्सिनच्या मेथडमध्ये सेल्फचा टाइप ‘वजनदार’ लिहायचा.

तरीही ऊसपावती नापास होऊ शकते! तिचं निव्वळ वजन वजाबाकीतून निघतं, म्हणजे ती फक्त वाचायची प्रॉपर्टी. प्रोटोकॉलमध्ये साधं ॲट्रिब्यूट लिहिलं, तर मायपायच्या लेखी ते बदलताही यायला हवं. प्रोटोकॉलमध्येही प्रॉपर्टीच लिहिली की दोघांचं जुळतं. अट मोजकीच घालावी. मिक्सिनला वजन वाचायचंय, बदलायचं नाही.

एक फट उरतेच. ‘उचल’ला मिक्सिन जोडला तेव्हा मायपाय काही बोलत नाही, ‘उचल’वर बिलाची मेथड बोलावलेली दिसली तरच हरकत घेतो. ती मेथड एखाद्या टेम्प्लेटमधून नुसत्या नावाने बोलावली जात असेल, तर ते त्याला दिसतही नाही. त्यावर उपाय एका ओळीचा: मिक्सिन जोडलेल्या क्लासची वस्तू ‘वजनदार’ टाइपच्या व्हेरिएबलमध्ये ठेवून पाहायची. ‘उचल’ त्या ओळीतच अडकते.