सुगंधी तेलांचे आरोग्यविषयक दावे : पुरावा कसा तोलावा?

गवती चहा, पामारोसा, पुदिना यांसारख्या पिकांची लागवड करून शेतावरच ऊर्ध्वपातनाने तेल काढणे, हा देशाच्या अनेक भागांत उत्पन्नाचा मार्ग ठरला आहे. हेच तेल लहान बाटल्यांत भरून थेट ग्राहकाला विकायचे ठरले, की वेष्टनावर काय लिहावे हा प्रश्न उभा राहतो. ‘जंतुनाशक’, ‘पाचक’, ‘मधुमेहावर गुणकारी’ असे शब्द लिहिणे सोपे असते; त्यांमागील पुरावा मात्र सारख्या वजनाचा नसतो.

प्रयोगशाळा ते माणूस

गवती चहाच्या तेलातील सिट्रल हा घटक प्रयोगशाळेत अनेक जिवाणूंची व बुरशींची वाढ रोखतो. हा निष्कर्ष खरा आहे, पण तो काचेच्या बशीतील आहे. तेथे तेल जंतूंच्या थेट संपर्कात असते. शरीरात पचन आणि यकृत यांतून गेल्यावर त्याची तेवढी मात्रा उरतेच असे नाही. म्हणून रोगावरील परिणाम सांगण्यासाठी माणसांवरील चाचणी हवी आणि तीत तुलनेसाठी दुसरा गट हवा. सुगंधी तेलांबाबत येथेही एक अडचण येते. आपल्याला काय दिले आहे, हे सहभागी व्यक्तीला वासावरूनच कळू शकते आणि केवळ अपेक्षेनेही बरे वाटू शकते.

दोन उदाहरणे

ऑस्ट्रेलियात 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मुरुमे असलेल्या 124 रुग्णांवर 5 टक्के टी ट्री तेलाचे जेल आणि 5 टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड यांची तुलना झाली. दोहोंनी मुरुमे कमी झाली. तेलाचा परिणाम सावकाश दिसला, पण दुष्परिणाम कमी आढळले. मात्र निष्क्रिय मलम दिलेला गट या चाचणीत नव्हता. त्यामुळे हा पुरावा आशादायक असला तरी निर्णायक नाही.

पेपरमिंट तेलाची बाजू अधिक भक्कम आहे. इरिटेबल बॉवेल सिंड्रोम या विकारातील पोटदुखीवर ते उपयोगी पडते, असे अनेक चाचण्यांत दिसले आहे. परंतु त्यांपैकी बहुतेक चाचण्यांत तेल आतड्यात पोहोचल्यावरच विरघळणाऱ्या कॅप्सूलमधून, ठरावीक मात्रेत दिले होते. शिवाय ते ‘मेंथा पायपेरिटा’चे तेल होते. उत्तर प्रदेशातील बाराबंकी परिसरात शेतकरी ज्याला ‘पिपरमेंट’ म्हणतात, ते पीक ‘मेंथा आर्वेन्सिस’ असून त्याच्या तेलात मेंथॉलचे प्रमाण बरेच जास्त असते. नाव सारखे असले, तरी एका तेलाचा पुरावा दुसऱ्याला लागू होत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांनी काय सांगावे?

- दावा वाचताना वनस्पतीची प्रजाती, मात्रा, वापराची पद्धत आणि चाचणी कोणावर झाली, या चार गोष्टी तपासाव्यात.
- मधुमेह, कर्करोग, रक्तदाब यांसारख्या रोगांवरील उपचार म्हणून जाहिरात करू नये. औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, 1954 नुसार तो गुन्हा आहे.
- ‘नैसर्गिक म्हणून निर्धोक’ असे म्हणू नये. शुद्ध तेल त्वचेला दाहक ठरू शकते. नीलगिरी तेल थोडेसेही पोटात गेल्याने लहान मुलांना झटके आल्याच्या नोंदी आहेत. बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवण्याची सूचना वेष्टनावर असावी.
- वेष्टनावर शास्त्रीय नाव, वनस्पतीचा वापरलेला भाग, ऊर्ध्वपातनाची तारीख आणि गॅस क्रोमॅटोग्राफीने तपासलेले मुख्य घटकांचे प्रमाण द्यावे.

ही माहिती उत्पादकाला स्वतः सिद्ध करता येते. जो दावा सिद्ध करता येत नाही, तो एखाद्या ग्राहकाला चालू औषध बंद करायला लावू शकतो. आणि तसे घडले तर त्या गटाच्या चांगल्या तेलावरचाही विश्वास उडतो.