उजव्या खुर्चीतला माणूस
(लेखमाला : आकाशवाटा – लेखांक ९)

धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवर बॉम्बे फ्लाइंग क्लबची आणि शिरपूरला तिथल्या अकादमीची छोटी विमानं खानदेशाने वर्षानुवर्षं पाहिली आहेत. २०२१ मध्ये वैमानिक प्रशिक्षणासाठी निवडलेल्या पाच विमानतळांत जळगावही होतं. या छोट्या विमानांत पुष्कळदा एकच जण बसलेला असतो. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचं उड्डाण लागतं आणि त्यातले किमान १०० तास विमानाची सूत्रं स्वतःच्या हाती असावी लागतात. पहिल्या ‘सोलो’चा, म्हणजे एकट्याने केलेल्या पहिल्या उड्डाणाचा दिवस ही मुलंमुली जन्मभर विसरत नाहीत.

प्रवासी विमानात जायचं तर मात्र नव्याने शिकावं लागतं. जळगावहून पुण्याला किंवा गोव्याला जाणाऱ्या एटीआर विमानामध्ये दोन वैमानिक असतात, आणि दुसरा केवळ पहिल्याला काही झालं तर म्हणून बसवलेला नसतो. समजा, नियंत्रण कक्षाने सात हजार फुटांपर्यंत खाली यायला सांगितलं. रेडिओ सांभाळणारा वैमानिक ती सूचना मोठ्याने परत म्हणतो. विमान हाताळणारा सात हजारांचा आकडा लावतो, त्याच्याकडे बोट दाखवून वाचतो. मग रेडिओ सांभाळणारा आपल्या समोरच्या पडद्यावर तोच आकडा आहे ना हे बघून दुजोरा देतो. एवढ्याशा कामाला दोन डोकी कशाला, असं बाहेरच्याला वाटेल. पण चुकीचा आकडा लावणाऱ्याला तो बरोबरच वाटत असतो. ती चूक शेजारच्यालाच दिसते.

कॉकपिटमधली माणसं याआधीही कमी झाली आहेत. दूरच्या उड्डाणांवर एकेकाळी दोन वैमानिकांखेरीज नॅव्हिगेटर, रेडिओ ऑपरेटर आणि फ्लाइट इंजिनिअर असत. यंत्रं सुधारली तसे ते एकेक करून उतरले. एअर इंडियाने १९८६ मध्ये घेतलेली एअरबस ए-३१० विमानं दोघांनीच चालवायची होती. आता युरोपातल्या उत्पादकांनी पुढचा प्रस्ताव मांडला आहे : लांबच्या उड्डाणात विमान उंचीवर स्थिरावलं की एकाने झोपायला जावं, दुसऱ्याने एकट्याने सांभाळावं, गरज पडली तर झोपलेल्याला उठवावं. यातून कंपन्यांचा खर्च वाचेल, हे उघड आहे.

खरी अडचण त्या ‘उठवावं’मध्ये आहे. रात्री दोनला लाइट येते म्हणून झोपेतून उठून केळीला पाणी द्यायला गेलेल्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला ती सांगायला नको. पाय चालतात, पण डोकं जागेवर यायला वेळ लागतो. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळलं. विमानातल्या १६६ जणांपैकी १५८ गेले. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशीत कॉकपिटमधलं ध्वनिमुद्रण ऐकलं गेलं, तेव्हा त्यातला बराच काळ कॅप्टनच्या घोरण्याचा निघाला. विमान जास्त उंचीवरून, जास्त वेगात खाली येत होतं. उजव्या खुर्चीतल्या फर्स्ट ऑफिसरने तीन वेळा ‘गो अराउंड’, म्हणजे न उतरता पुन्हा वर जाऊ, असं सुचवलं, यंत्रही इशारे देत होतं. तरी कॅप्टनने उतरणं सोडलं नाही. दीर्घ झोपेनंतरची ती सुस्ती चौकशीने कारणांमध्ये नोंदवली.

मंगळूरला दोघंही कॉकपिटमध्येच होते, मग दोघांनी तरी काय साधलं, असं कुणी विचारेल. माझ्या मते त्या घटनेतून दोन गोष्टी दिसतात. गाढ झोपेतून नुकता उठलेला माणूस पूर्ण वैमानिक नसतो, ही पहिली. आणि उजव्या खुर्चीतल्या कनिष्ठाचं म्हणणं डाव्या खुर्चीने ऐकलंच पाहिजे, वेळ आली तर कनिष्ठाने सूत्रं हाती घेतली पाहिजेत, ही दुसरी. ‘सरांना कसं सांगायचं’ हा आपल्याकडचा संकोच प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवसापासून काढायला हवा. गोंदूर-शिरपूरच्या प्रशिक्षकांचं हे काम मला विमान उतरवायला शिकवण्याइतकंच मोलाचं वाटतं.

एकटा जागा असलेला वैमानिकच कोसळला तर? फेब्रुवारी २०२४ मध्ये फ्रँकफर्टहून सेव्हिलला जाणाऱ्या लुफ्तान्सा विमानात कॅप्टन स्वच्छतागृहात गेला असताना को-पायलट बेशुद्ध पडला. सुमारे दहा मिनिटं ऑटोपायलटने विमान स्थिर ठेवलं. कॅप्टन बाहेरून दाराचा कोड टाकत राहिला, शेवटी को-पायलटनेच कसंबसं दार उघडलं. कॅप्टनने विमान माद्रिदला उतरवलं. तो पूर्ण जागा होता आणि काही पावलांवर होता, तरी एवढा वेळ गेला.

युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने एकट्या वैमानिकाच्या या प्रस्तावावर संशोधन करवून घेतलं. थकवा, झोपेनंतरची सुस्ती, एकट्यावर पडणारा कामाचा ताण, अचानक येणारं आजारपण, परस्पर तपासणी नसणं, हे सगळं त्यात तपासलं गेलं. आजच्या कॉकपिटमध्ये ही पद्धत दोन वैमानिकांइतकी सुरक्षित असल्याचं पुरेसं सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष २०२५ मध्ये आला.

(पुढील लेखांकात : वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम आणि रात्रीची उड्डाणं)