दिवाडी बेट : दोन दिवसांच्या पाहुण्यानें काय पाहावें

बेट म्हटलें कीं आपल्या वऱ्हाडांतील मुलांच्या डोळ्यांपुढें निळा समुद्र, पांढरी वाळू आणि नारळीचीं झाडें उभीं राहतात. अकोला व अमरावती हे जिल्हे समुद्रापासून फार दूर. तेव्हां बेटाची ओळख आपणांस चित्रांवरूनच व्हावी, यांत नवल नाहीं. गोमंतकांतील दिवाडी हें बेट मात्र या चित्राहून निराळें आहे. तें समुद्रांत नसून मांडवी नदीच्या पात्रांत आहे. त्याच्या कडेला वाळूपेक्षां चिखल अधिक, आणि तेथील जुना धंदा भातशेतीचा. सुटींत दोन दिवसांकरितां अशा ठिकाणीं जाणाऱ्या पाहुण्यानें तेथील लोकजीवन कसें समजून घ्यावें, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

जुनें गोवें हें एके काळीं पोर्तुगीजांच्या राज्याचें मुख्य शहर होतें. सन १८४३ मध्यें तो मान पणजीस मिळाला. या जुन्या शहराच्या धक्क्यावरून फेरीबोट थोड्याच मिनिटांत आपणांस पैलतीरीं, दिवाडी बेटावर, नेऊन सोडते. बेटावर पिएदाद नांवाचें गांव असून तेथील टेंकडीवर एक जुनें चर्च आहे. चर्चला तेथील लोक इगर्ज म्हणतात. पाहुण्यानें प्रथम या टेंकडीवर जावें. तेथून खालची हिरवी शेतें, त्यांच्या कडेचे बांध, आणि बांधापलीकडची रुंद नदी हीं एका दृष्टींत दिसतात. बेटाचें सारें जीवन या एका दृश्यांत सामावलेलें आहे. परंतु त्याचा अर्थ कोणी समजावून सांगितल्यावांचून कळत नाहीं.

मांडवीस समुद्राची भरती येते आणि तिच्यासवें खारें पाणी नदींतून आंत शिरतें. दिवाडीवरील पुष्कळ शेतें या भरतीच्या पातळीहून खालीं आहेत. अशा जमिनीस खाजन म्हणतात. मातीचे, व कोठें जांभ्या दगडाचे, बांध घालून गोमंतकीय शेतकऱ्यांनीं ही जमीन फार प्राचीन काळीं खाडीपासून मिळविली. बांधांत जागजागीं लांकडी दारें बसविलेलीं असतात. अशा दारास मानस म्हणतात. मानशीची युक्ति मोठी सुरेख आहे. भरतीचें पाणी चढूं लागलें कीं त्याच्याच दाबानें दार मिटतें, आणि ओहोटी लागली कीं आंतल्या पाण्याच्या दाबानें तें बाहेरच्या बाजूस उघडतें. त्यामुळें खारें पाणी आंत येत नाहीं व शेतांतील पावसाचें पाणी बाहेर जातें. पावसाळ्याच्या आरंभीं पाऊस जमिनींतील क्षार धुऊन टाकतो, मग भाताची लावणी होते. थोडाफार खारेपणा सोसणारी कोरगुट नांवाची भाताची जात याच शेतांतील. पीक निघाल्यावर खारें पाणी बेतानें आंत घेऊन त्यांत मासे वाढूं देतात, व ओहोटीच्या वेळीं मानशीपाशीं जाळें लावून ते धरतात.

ही हकीकत आपल्या मुलांस अगदींच परकी वाटूं नये. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्टा अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला आहे. तेथें विहिरीचें पाणी तोंडांत धरवत नाहीं, आणि पिकास दिलें तर जमीन बिघडते. म्हणून शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो. आपल्याकडे क्षार भूमीच्या पोटांत आहे, दिवाडीस तो भरतीबरोबर रोज दारीं येतो. दोन्हीं ठिकाणीं गोडें पाणी देणारा पाऊसच. भेद एवढाच कीं दिवाडीचें संकट एकट्यानें निवारतां येत नाहीं. बांध एका ठिकाणीं फुटला तरी खारें पाणी सर्वांच्या शेतांत पसरतें. शेजाऱ्याचा आळस आपल्या भाताच्या मुळाशीं येतो.

म्हणूनच पूर्वीं या जमिनी सामाईक असून गांवकरी नांवाची संस्था त्यांचा कारभार पाहत असे. पोर्तुगीज येण्यापूर्वींपासून ती चालत आली होती. त्यांनीं तिला कोमुनिदाद असें नांव दिलें. बांधाची डागडुजी, मानशीची राखण व मासळीचा लिलाव हीं कामें ठरलेल्या नियमांनीं होत. सन १९६१ मध्यें पोर्तुगीज अंमल संपला व सन १९६४ मध्यें कुळांसाठीं कायदा झाला. पुढें बांधांची जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली. कुळांस हक्क मिळाला हें न्यायाचेंच झालें. परंतु गोमंतकांत ज्या ज्या ठिकाणीं बांधांची निगा सुटली, तेथें खारें पाणी शिरून भाताच्या जागीं तिवराचें रान माजलें. शेंकडों वर्षांचें काम थोड्या वर्षांच्या दुर्लक्षानें बुडूं शकतें, याचें यापेक्षां स्पष्ट उदाहरण शोधून सांपडणार नाहीं.

दिवाडीची दुसरी प्रसिद्ध गोष्ट म्हणजे बोंदेरां हा उत्सव. तो ऑगस्ट महिन्याच्या चौथ्या शनिवारीं होतो. पोर्तुगीज भाषेंत निशाणाला बांदेइरा म्हणतात, त्यावरून हें नांव पडलें. असें सांगतात कीं, बेटावरील वाड्यांमध्यें जमिनीच्या हद्दीवरून मोठे तंटे होत. तेव्हां सरकारनें हद्दीवर निशाणें रोवलीं, आणि लोकांनीं तीं दगड मारून पाडलीं! आज या तंट्याची केवळ थट्टा उरली आहे. वाडे आपापलीं निशाणें व सजविलेले चित्ररथ घेऊन मिरवणुकीनें निघतात. फोताश नांवाच्या बांबूच्या नळीच्या खेळण्यांतील बंदुकींतून रानफळें उडवून लुटुपुटीचें युद्ध होतें, आणि सर्व जण पोट धरून हंसतात. धुऱ्याच्या भांडणापायीं दोन पिढ्या कचेरीच्या पायऱ्या झिजविणारीं घराणीं आपणांस अपरिचित नाहींत. त्यांनीं दिवाडीच्या लोकांपासून कांहीं घेण्याजोगें आहे.

बेटाच्या दुसऱ्या टोंकास नार्वें हें गांव आहे. कदंब राजांचें दैवत सप्तकोटेश्वर याचें मूळ स्थान तें. सोळाव्या शतकांत तेथील देऊळ पाडलें गेल्यावर देवाची स्थापना नदीपलीकडे डिचोली महालांत झाली. त्या वस्तीसही नार्वें हेंच नांव आहे. तेथील देवळाचा जीर्णोद्धार सन १६६८ मध्यें शिवाजी महाराजांनीं करविला. आज दिवाडीवर ख्रिस्ती व हिंदु हीं दोन्हीं कुटुंबें शेजारानें राहतात. खारें पाणी अडविणारा बांध दोघांच्याही शेतांचा राखणदार आहे.

दोन दिवसांत एखाद्या ठिकाणची सर्व संस्कृति कळत नाहीं, हें खरें. परंतु पाहुण्यानें एकदां भरतीस व एकदां ओहोटीस मानशीपाशीं उभें राहावें. शेतांत काम करणाऱ्यास अदबीनें विचारावें. मराठीची बहीण असलेली कोंकणी भाषा लक्ष देऊन ऐकल्यास बरीच समजते. कोणाच्या अंगणांत विचारल्याशिवाय शिरूं नये, आणि निरोप घेतांना "देव बरें करूं" असें म्हणावें. उपकार मानण्याची तेथील रीत हीच.

आणि विद्यार्थिमित्रांनो, ज्यांस एवढा प्रवास घडणार नाहीं, त्यांनींही खट्टू होऊं नये. आपल्या गांवची विहीर कोणी खणली, नाला कोण साफ करतो, धुऱ्याचा तंटा पूर्वीं कोणापुढें मिटत असे, हें आपल्या आजोबांस विचारा. तीं उत्तरें लिहून ठेवा. पुढें तीं सांगणारें कोणी उरणार नाहीं.