पदवीनंतरची खबरबात, गाळलेल्या वर्षांसकट

पदवीदानाचे दिवस जवळ आले की आपल्या मासिकाकडे पदवीधरांची खबरबात यायला लागते. कुणाला बढती मिळाली, कुणाची लेक टोरांटोला गेली, कुणी निवृत्त होऊन नर्मदा परिक्रमा केली. वाचून आनंद होतो. पण सगळ्या खबरा एकाखाली एक लावल्या की वाटतं, आपल्या मंडळींची आयुष्यं रुळावरून धावणाऱ्या गाडीसारखी सरळच गेली. यंदा म्हणून मी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून तीन वेगवेगळ्या काळांत बाहेर पडलेल्या, आपल्याच मराठी घरांतल्या तिघांना फोन केला. अट एकच घातली : मधली वर्षं गाळायची नाहीत.

या विद्यापीठाशी आपलं नातं जुनं आहे. 1881 साली सुरू झालेलं बडोदा कॉलेज आणि 1890 मध्ये सयाजीरावांनी उभं केलेलं कलाभवन ही त्याची मुळं. 1949 साली विद्यापीठ झालं, तेव्हा पहिल्या कुलगुरू होत्या हंसा मेहता. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या कितीतरी घरांत आजी-आजोबा, आई-बाबा आणि नातवंडं अशा तीन पिढ्या याच घुमटाखालून गेल्या आहेत.

1974 : निकालाची वाट

पहिले काका आता सत्तरी ओलांडलेले. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष आणि नवनिर्माण आंदोलन एकदमच आलं. अहमदाबादच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेसच्या वाढलेल्या बिलावरून पेटलेलं हे आंदोलन 1974 च्या सुरुवातीला गुजरातभर पसरलं, मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना राजीनामा द्यावा लागला आणि पुढे विधानसभाही विसर्जित झाली. इतिहासात एवढंच येतं. काकांच्या घरात त्याचा अर्थ वेगळा होता. परीक्षा लांबली, निकाल लांबला आणि बँकेच्या ज्या जागेसाठी अर्ज करायचा होता तिची मुदत निघून गेली. पुढचं दीड वर्ष ते मामांच्या कापड दुकानात जमाखर्च लिहीत बसले. नंतर बँकेत लागले, मॅनेजर होऊन निवृत्त झाले. आजची त्यांची खबर : रोज सकाळी कमाटी बागेत दोन फेऱ्या आणि संध्याकाळी शेजारच्या मुलांना अकाउंट्स शिकवणं. दुकानातल्या दीड वर्षाबद्दल त्यांच्या मुलांनाही आजवर ठाऊक नव्हतं. हिशेब पक्का कुठे झाला, असं विचारलं तर मात्र ते त्या गल्ल्याचंच नाव घेतात.

1985 : अर्धवट राहिलेलं एम.एस्सी.

मावशी होम सायन्सच्या. आहारशास्त्रात एम.एस्सी. करायचं पक्कं ठरवलेलं. 1985 साली गुजरातेत आरक्षणाच्या प्रश्नावरून आंदोलन झालं, महिनोन् महिने शिक्षणाचं वेळापत्रक विस्कटलं. घरच्यांनी तेवढ्यात स्थळ पाहिलं आणि त्या इंदूरला गेल्या. पुढची पंधरा-सोळा वर्षं त्यांच्या पदवीचा उपयोग, त्यांच्याच शब्दांत, "मुलांचे डबे आणि सासूबाईंची साखर" एवढाच. धाकटा आठवीत गेल्यावर, अडतिसाव्या वर्षी, त्यांनी डाएटेटिक्सचा डिप्लोमा केला. वर्गातल्या मुली त्यांना आंटी म्हणत. मग एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून वीस वर्षं काढली. आजची खबर : नोकरी संपली, तरी आठवड्यातून दोन दिवस मधुमेहाच्या रुग्णांना सल्ला देतात. इंदुरी पोहे कुणाला बंद करायला सांगत नाहीत, शेव तेवढी कमी करायला लावतात.

2020 : मागे घेतलेलं पत्र

तिसरा मेकॅनिकल इंजिनिअर. शेवटचं सेमिस्टर चालू असताना मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली. पुण्यातल्या एका कंपनीचं नेमणुकीचं पत्र हातात होतं. आधी रुजू होण्याची तारीख पुढे गेली, मग पत्रच मागे घेतलं गेलं. दहा महिने घरी. शेवटी मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात, ठरल्या पगाराच्या निम्म्यावर, तो रुजू झाला. आज तिथलाच क्वालिटी विभाग सांभाळतो. मी विचारलं, आपल्या मासिकाकडे कधी काही का पाठवलं नाहीस? तो म्हणाला, "सांगण्यासारखं काय आहे? बरोबरचे दोघे जर्मनीत आहेत."

हे वाक्य मला लागलं. कारण तेवढ्यात काकांशी बोलणं झालेलं होतं.

या विद्यापीठाचे सर्वांत गाजलेले माजी विद्यार्थी वेंकटरामन रामकृष्णन यांचीच वाट पाहा. आयआयटी आणि वेल्लोरचं मेडिकल कॉलेज, दोन्हीकडे प्रवेश मिळाला नाही. 1971 साली त्यांनी बडोद्यातून भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केलं, अमेरिकेत त्याच विषयात पीएच.डी. मिळवली आणि त्यानंतर जीवशास्त्र शिकायला पुन्हा विद्यार्थी होऊन बसले. 2009 चं नोबेल त्यांना मिळालं ते रसायनशास्त्राचं. आपण ते नोबेल सांगतो, पीएच.डी.नंतर पुन्हा पहिल्या वर्षाच्या बाकावर बसणं सांगत नाही.

प्रत्येकाला नोबेल किंवा मॅनेजरची खुर्ची मिळते, असं मला म्हणायचं नाही. काकांना दीड वर्षात काम मिळालं, मावशींना पंधरा-सोळा वर्षं थांबावं लागलं आणि मावशी आजही म्हणतात की एम.एस्सी. राहिलं ते राहिलंच. पण 1974, 1985, 2020 : तिन्ही वेळी कुणाचं तरी वर्ष गेलं. थोरांनी आपलं गेलेलं वर्ष खबरबातीतून गाळलं, म्हणून धाकट्यांना वाटतं की असं फक्त आपल्याच वाट्याला आलं.

तेव्हा थोरामोठ्यांना विनंती : यंदाची खबर पाठवताना बढती, बंगला, नातवंडं जरूर लिहा, पण पदवीनंतरची पहिली दोन वर्षं कशी गेली, त्याच्याही चार ओळी लिहा. आणि तरुण मंडळींनो, सांगण्यासारखं काही नाही असं वाटत असेल, तर आधी घरातल्या आजोबांना, आत्याला हाच प्रश्न विचारून बघा. उत्तर आलं की तेही आमच्याकडे पाठवा.

जाता जाता एक ताजी खबर. काकांनी माझ्याकडून त्या इंजिनिअरचा नंबर मागून घेतला आहे. दोघं येत्या रविवारी सूरसागरच्या पाळीवर भेटणार आहेत. शेव-उसळ काकांकडून.