बोरीबंदर, ठाणे आणि ‘ठेसन’ : एका ऐतिहासिक स्थानकाच्या निमित्ताने

एखाद्या वास्तूचा इतिहास आपण शिलालेखांत, दप्तरांत आणि जुन्या चित्रांत शोधतो. तिला लोकांनी दिलेल्या नावांत आणि तिच्यामुळे बोलीत रुजलेल्या शब्दांतही तो साठलेला असतो. या साधनाकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष दिले जाते. बोलीच्या पाहणीसाठी आंबोलीस जाताना मुंबईत गाडी बदलण्यापूर्वी काही तासांचा अवधी मिळाला. तो प्रस्तुत लेखकाने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची वास्तू पाहण्यात घालवला. त्या वेळी सुचलेले आणि पुढे आंबोलीत पडताळून पाहिलेले विचार येथे मांडले आहेत.

१

दिनांक १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली उतारू आगगाडी निघाली. अंतर सुमारे ३४ किलोमीटर होते. त्या वेळचे बोरीबंदरचे स्थानक साधे होते. आजची वास्तू पुढील काळातील. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्यानुसार १८७८ मध्ये तिचे बांधकाम सुरू झाले, आणि १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणास पन्नास वर्षे झाली त्या निमित्ताने तिला राणीचे नाव देण्यात आले. घुमटावर प्रगतीची प्रतिमा म्हणून उभी केलेली स्त्रीमूर्ती आहे; प्रवेशद्वाराच्या खांबांवर इंग्लंडचा सिंह आणि हिंदुस्थानचा वाघ समोरासमोर बसले आहेत. दर्शनी भिंतीवर रेल्वे कंपनीशी निगडित व्यक्तींच्या मुखाकृती कोरलेल्या असून त्यांत जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय हेही आहेत. कोरीव कामात सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. २००४ मध्ये युनेस्कोने या वास्तूस जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

२

घड्याळाखालच्या कोनाड्यात पूर्वी राणीचा पुतळा होता. स्वातंत्र्यानंतर तो तेथून हलवण्यात आला. नावाचेही तसेच झाले. १९९६ मध्ये ‘छत्रपती शिवाजी टर्मिनस’ असे नामांतर झाले आणि २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ या पदाची भर पडली. पुतळा हलवला की जागा रिकामी होते. नाव बदलले तरी जुने नाव जिभेवर काही काळ राहते. ‘व्हीटी’ हा उच्चार अजूनही कानी पडतो. बोलणाराला त्यात ना व्हिक्टोरिया आठवते, ना टर्मिनस. आद्याक्षरांपासून बनलेला शब्द अर्थाच्या दृष्टीने एकसंध झाला, की त्याचे मूळ पुसले जाते, याचे हे चांगले उदाहरण होय.

या सर्वांहून जुने नाव ‘बोरीबंदर’. ‘बोरी’ म्हणजे पोते, आणि पोती उतरवण्याचे बंदर ते बोरीबंदर, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. परंतु मराठीत पोत्याला रूढ शब्द ‘गोणी’ आहे. उलट बोर या झाडाचे अनेकवचन ‘बोरी’ असेच होते. मुंबईत चिंचबंदर, चिंचपोकळी, उमरखाडी, फणसवाडी अशी वृक्षांवरून पडलेली स्थलनामे विपुल आहेत. या मालिकेत पाहिल्यास बोरींचे बंदर ही उपपत्ती अधिक ग्राह्य वाटते. शिवाय आज या स्थानकालगत समुद्र नाही. भराव घालून किनारा पूर्वेस दूर सारला गेला. म्हणजे जेथे पाणी होते तेथे ते होते, याची साक्ष आता ‘बंदर’ हा शब्दच देतो.

३

पहिली गाडी ज्या गावी गेली त्याचे नाव भाषाशास्त्राच्या दृष्टीने विशेष अर्थपूर्ण आहे. शिलाहारांच्या लेखांत ठाण्यास ‘श्रीस्थानक’ म्हटले आहे. संस्कृत ‘स्थान’ याचे प्राकृतात ‘ठाण’ झाले. ‘ठाणे’ हे त्याच परंपरेतले. इंग्रजी ‘स्टेशन’ हा शब्द लॅटिनमधून आला असून त्याचा धातू आणि संस्कृत ‘स्था’ हा धातू एकाच मूळ भारत-युरोपीय धातूची रूपे आहेत. सहस्रावधी वर्षांपूर्वी वेगळे झालेले दोन भाऊबंद १८५३ मध्ये लोहमार्गाने पुन्हा भेटले, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे ग्रामीण बोलीने ‘स्टेशन’चे ‘ठेसन’ केले. सुशिक्षित मनुष्य त्यास अपभ्रष्ट समजून हसतो. पण ‘अष्ट’चे ‘अट्ठ’ आणि मग ‘आठ’ झाले, ‘मुष्टि’ची ‘मूठ’ झाली, तेव्हा नेमका हाच व्यापार घडला होता : ऊष्म वर्णाचा लोप होतो आणि शेजारचा स्पर्श महाप्राण बनतो. फरक इतकाच, की ‘आठ’ घडण्यास शतके लागली आणि ‘ठेसन’ थोड्या काळात घडले. प्लॅटफॉर्मचा ‘फलाट’ होतानाही महाप्राण आला, जोडाक्षर स्वराने फोडले गेले आणि शब्दाची शेपटी गळाली.

व्याकरणाचीही साक्ष अशीच आहे. ‘बहीण–बहिणीला’ तसे ‘तिकीट–तिकिटाला’. ‘फूल–फुलावर’ तसे ‘रूळ–रुळावर’. सामान्यरूपात उपान्त्य स्वर ऱ्हस्व होण्याचा मराठीचा नियम जो शब्द पाळतो, त्यास परका कसे म्हणावे? ‘आगगाडी’ तर सर्वस्वी घरचाच शब्द. त्याच्या उलट, सिग्नलला ‘अग्निरथगमनागमनसूचक लोहपट्टिका’ म्हणावे असा विनोद सर्वत्र सांगितला जातो. तो विनोदच राहिला, आणि ‘सिंगल’ मात्र खेड्यापाड्यांत चालू राहिला.

४

आंबोली सह्याद्रीच्या माथ्यावर, वेंगुर्ले ते बेळगाव या जुन्या वाटेवर वसली आहे. तेथे आगगाडी कधीच आली नाही. पूर्वेस बेळगावला ती १८८७ च्या सुमारास पोचली. पश्चिमेस सावंतवाडीला कोकण रेल्वेची वाहतूक १९९८ मध्ये पूर्णपणे सुरू होईपर्यंत वाट पाहावी लागली. पूर्वी मुंबईस जाणाऱ्याला दोन मार्ग होते : घाट उतरून वेंगुर्ल्याची आगबोट, अथवा बेळगावहून मीटरमापी गाडीने पुणे आणि तेथे गाडी बदलून बोरीबंदर. ‘आगबोट’ आणि ‘आगगाडी’ ही जोडी येथे एकत्र नांदली, यात नवल नाही.

आंबोलीच्या वृद्धांशी बोलताना दिसून आले, की ठेसन, फलाट, तिकीट, डबा हे शब्द रुळांच्या आधीच घाट चढले होते. ते आणले चाकरमान्यांनी, गिरण्यांत राबून सणासुदीला गावी परतणाऱ्यांनी. ‘गाडी ठेसनार इली’ या मालवणी वाक्यात ‘गाडी’ आणि ‘इली’ जितके मालवणी आहेत, तितकेच ‘ठेसनार’ही, कारण त्यास लागलेला प्रत्यय ‘घरार’, ‘झाडार’ यांतलाच आहे. वस्तू प्रत्यक्ष न पाहता शब्द आत्मसात करण्याची बोलीची शक्ती यातून प्रत्ययास येते.

आज मात्र चित्र पालटत आहे. गाडी जवळ आली आणि ठेसन दूर गेले. तरुण पिढी शाळेत शिकलेले ‘स्टेशन’ आणि ‘प्लॅटफॉर्म’ वापरते. उद्घोषणेतून ‘स्थानक’ ऐकते. आणि आजोबांचा ‘ठेसन’ हा शब्द अडाणीपणाची खूण समजून टाळते. व्हीटीच्या वास्तूतील कोरीव दगड जपण्यास जागतिक यादी आहे. ‘ठेसन’ जपण्यास तशी यादी नाही, आणि तो बोलणारी पिढी वयोवृद्ध झाली आहे. म्हणून घाटमाथ्यावरील व किनाऱ्यावरील गावांतून या शब्दांचे उच्चार, रूपे आणि वाक्ये ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचे काम विभागाने अग्रक्रमाने हाती घ्यावे. ज्या नियमाने ‘स्थान’चे ‘ठाण’ झाले तो आपण ग्रंथांतून शिकतो; त्याच्याच जातीचा नियम कार्यरत असताना ऐकण्याची संधी अजून काही वर्षेच उपलब्ध आहे.