आजीच्या आजीचा दाखला

युद्ध संपले म्हणजे भीतीही संपते, असे आपण समजतो. पण दुसऱ्या महायुद्धानंतर देशोदेशी निराळेच घडले. तोफा थंडावल्या आणि माणसे एकमेकांचे कूळ तपासू लागली. नवा आला तो संशयित; हक्क मागेल तो तर घातकीच! या कहाणीचा एक धागा आपल्या रायगडच्या किनाऱ्याशी जुळलेला आहे.

अलिबागजवळच्या नवगावला मी गेलो, की तेथील बेने इस्रायलांच्या स्मारकाशी थोडा वेळ थांबतो. फुटलेल्या गलबतातून सात पुरुष आणि सात स्त्रिया येथे किनाऱ्याला लागल्या, अशी या समाजाची परंपरागत कथा. तिच्या काळाविषयी पंडित खुशाल वाद घालोत. मला मोल वाटते ते पुढच्या गोष्टीचे. ही मंडळी कोकणात तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी मात्र घाणा बंद! गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले आणि चौकशी तिथेच संपली. गावांवरून किहीमकर, पेणकर, नवगावकर अशी आडनावे पडली, मराठी घरची भाषा झाली.

1948 साली इस्रायल राष्ट्र जन्मले ते युद्धातच. साडेतीन वर्षांत तेथील ज्यू लोकसंख्या दुप्पट झाली. त्या लोंढ्यात आपले कोकणकरही होते. धर्मबांधवांच्या देशात गेलेल्या या माणसांना तेथे रंगावरून सापत्नभावाची वागणूक सोसावी लागली. 1951 साली काहींनी तेल अवीवमध्ये ज्यूइश एजन्सीच्या दारात ठिय्या दिला. मागणी काय, तर आम्हाला भारतात परत पाठवा! काही कुटुंबे खरोखरच परतली.

पुढचा घाव अधिक जिव्हारी लागला. 1962 साली मुख्य रब्बींच्या कार्यालयाने फर्मान काढले, की बेने इस्रायलांचा लग्नसंबंध इतर ज्यूंशी जुळत असेल, तर आईची आई, तिची आई असे जमेल तितके मागे जाऊन कूळ तपासावे. शतकानुशतके दूर राहिलेल्यांचे विवाह-घटस्फोट धर्मशास्त्राप्रमाणे झाले असतील कशावरून, ही शंका. वाचकहो, आपल्या पणजीच्या आईचे नाव तरी आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

समाज पुन्हा रस्त्यावर उतरला. अखेर 17 ऑगस्ट 1964 रोजी इस्रायलच्या संसदेने ठराव केला, की बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यूच आहेत. मग रब्बींनीही फर्मानातून त्यांचे नाव वगळले.

पाहा कशी गंमत! परक्या किनाऱ्याने जो दाखला कधी मागितला नाही, तो हक्काच्या घराने मागितला. नव्या राष्ट्राला आपल्याच एकीची खात्री नव्हती, म्हणून हा धाक.

आपल्या सोसायटीतही नवे बिऱ्हाड येते. “मूळचे कुठले?” असे आपण विचारतोच. जरूर विचारावे, त्याने ओळख वाढते. मात्र उत्तर ऐकल्यावर आपल्या घरातून विरजणाची वाटी पुढे होते की दाराची कडी लागते, हे ज्याचे त्याने पाहावे.