दुसरं उत्तर खोडू नका

गेवराईहून अकरावीतल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. गणित असं: फलाटावरून एसटी सुटली, तिचा वेग दर सेकंदाला १ मीटर प्रतिसेकंदानं वाढतो आहे. दारापासून १६ मीटर मागून एक प्रवासी सेकंदाला ६ मीटर अशा न बदलणाऱ्या वेगानं धावतो आहे. गाडी केव्हा मिळेल? पठ्ठ्यानं समीकरण सोडवलं तर उत्तरं आली दोन, ४ सेकंद आणि ८ सेकंद. शिकवणीत सांगितलं, मोठं उत्तर खोडून टाक. का, ते कुणी सांगेना.

खोडू नये. चौथ्या सेकंदाला प्रवासी दाराशी पोहोचतो. त्याचा वेग ६, गाडीचा ४. समजा कंडक्टरनं दार उघडलंच नाही आणि हा गडी तसाच पळत राहिला, तर तो दाराच्या पुढे निघून जाईल! सहाव्या सेकंदाला तो दोन मीटर पुढे असेल. तिथून गाडीचा वेग त्याच्यापेक्षा जास्त होतो आणि आठव्या सेकंदाला तेच दार पुन्हा त्याच्या शेजारून जातं. दुसरं उत्तर म्हणजे ही दुसरी भेट.

आता अंतर १८ मीटर करा. दोन्ही उत्तरं एकच होतात, ६ सेकंद. दोघांचे वेग जुळतात त्याच क्षणी दांडी हाताला लागते. हुकली की गेली. २० मीटर केलं तर वर्गमुळाखाली ऋण संख्या येते. रस्त्यावर तिचा अर्थ एवढाच, की दार दोन मीटरवर येतं आणि मग लांब लांब जातं. जास्तीत जास्त किती मागून गाडी गाठता येते, हा पल्ला वेगाच्या वर्गावर ठरतो. पिशवी घेऊन सेकंदाला ४ मीटर पळणाऱ्याला याच गाडीसाठी ८ मीटरच परवडतात. वेग दीडपट झाला तर १८. (खऱ्या रस्त्यावर एकसमान त्वरण कुठलं! पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जाताना ड्रायव्हर क्लच दाबतो, तेवढ्यात गाडीचं वेग घेणं थांबतं. धावत गाडी पकडणाऱ्यांची निम्मी पुण्याई त्या क्लचमध्ये असते.)

पण सेकंदाला ६ मीटर हा वेग ऐऱ्यागैऱ्याचा नाही. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं ६ ऑगस्ट २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ११.२० सेकंदांत पुरी केली. सरासरी काढा, सेकंदाला ६.१ मीटर येते, तीही अडथळे आणि पाण्याचे खड्डे ओलांडून. केनियाचा अब्राहम किबिवोट त्याच्या फक्त ०.०५ सेकंद आधी पोहोचला. म्हणजे फूटभराचं अंतर. आणखी थोडी धाव उरली असती तर पाठलागाचं समीकरण सुटलं असतं.

पाठलागाची गणितं म्हटली की आपल्याकडे लगेच भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तले मोर आणि साप निघतात. भास्कराचार्यांचं गाव विज्जलविड म्हणजे आपलं बीडच, असं मानणारेही आहेत. पण मोर आणि साप दोघांचेही वेग समान आणि न बदलणारे. एकाचा वेग स्थिर आणि दुसऱ्याचा वाढता, असं गणित 'लीलावती'च्या तीनशे वर्षं आधी, इसवी सन ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रहा'त दिलं आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातला हा जैन गणिती. बीडचा मुलूखही तेव्हा राष्ट्रकूटांचाच. तरी शाळेत त्याचं नाव कानावर पडत नाही, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

एकत्र निघालेले दोघे पुन्हा केव्हा भेटतील, यासाठी त्याचा नियम: स्थिर वेगातून दुसऱ्याचा पहिल्या दिवसाचा वेग वजा करा, रोजच्या वाढीच्या निम्म्यानं भागा, त्यात एक मिळवा. समजा अंबाजोगाईहून दोघे एकाच वेळी निघाले. एक रोज ७ कोस चालतो. दुसरा पहिल्या दिवशी ३ कोस आणि मग रोज एक कोस जास्त. सातातून तीन गेले चार, अर्ध्यानं भागून आठ, अधिक एक नऊ. नवव्या दिवसाअखेर दोघांचेही ६३ कोस भरतात. पाचव्या दिवशी दोघांची चाल सारखी होते, तोवर दुसरा १० कोस मागे पडलेला असतो. नंतरच्या चार दिवसांत तो ते भरून काढतो.

याला कुणी लगेच 'त्वरणाचा शोध' म्हणू नये. इथे वेग दिवसादिवसाच्या पायऱ्यांनी वाढतो, एसटीसारखा सलग नाही. आणि तो फरक शेवटच्या 'अधिक एक'मध्येच आहे. पायरी दिवसाऐवजी तासाची केली, तर तो 'एक' एका तासाचा होतो. मिनिटाची केली, तर मिनिटाचा. पायऱ्या पार बारीक करत गेलं की तो एक विरून जातो आणि अकरावीच्या पुस्तकातलं सूत्र उरतं.

तेव्हा गेवराईकरा, परीक्षेत दोन्ही उत्तरं लिही आणि दुसऱ्यापुढे 'गाडी प्रवाशाला ओलांडते' एवढं नोंदव. 'प्रथम केव्हा गाठेल' असं विचारलं असेल, तर उत्तर ४ सेकंद.